आधी झोप मोजा, मग भांडा

घरात कुणाला बायपोलरचा आजार असेल, तर मोठं भांडण उकरण्याआधी एक गोष्ट बघायची: गेल्या तीन-चार रात्री त्या माणसाची झोप किती झाली. एरवी सात तास झोपणारा माणूस तीन-चार तासांत ताजातवाना उठत असेल, पहाटेच कपाटं आवरायला घेत असेल, फोनवर फोन लावत असेल, तर आज घराच्या हप्त्याचा विषय काढू नका. आज डॉक्टरांना फोन करा. दिवसाचे बारा-चौदा तास अंथरुणात जात असतील, तर ‘तुला आमची काही पडलेलीच नाही’ हे वाक्य आज गिळा. झोप नेहमीसारखी असेल तर मात्र खुशाल भांडा. ते भांडण बहुतेक नवरा-बायकोचंच असतं.

ज्यांचं मुळातच फारसं पटत नाही, अशा जोडप्यांसाठी हा लेख आहे. या आजारावरच्या बऱ्याच पुस्तिकांमध्ये जोडीदार समजूतदार आणि प्रेमळ आहे असं धरूनच चाललेलं असतं. आधार द्या, धीर द्या, समजून घ्या. प्रत्यक्षात जोडीदार वैतागलेला असतो, डोक्यावर कर्ज असतं, सासर-माहेर यांच्यात बोलणं बंद असतं, आणि आजारी माणसाच्या मनात ‘मला वेडा ठरवलं’ हा राग धुमसत असतो. प्रेम परत येण्याची वाट बघत बसलं तर उपचार राहून जातात. म्हणून पुढची कामं अशी सांगतो आहे, जी प्रेम आटलेलं असतानाही करता येतात.

आजाराबद्दल थोडक्यात. यात मनाचा चढ आणि उतार असे दोन काळ येतात, आणि मध्ये माणूस कित्येक महिने, कधी वर्षं, अगदी ठीक असतो. चढ जोराचा असेल तर आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकतो: झोपेची गरज संपते, बोलण्याला खंड नसतो, पैसे उधळले जातात, आपण काहीही करू शकतो असं वाटतं. काहींचा चढ सौम्य असतो आणि तो घरच्यांना ‘हल्ली फार उत्साहात आहे’ एवढाच दिसतो. उतारात उलट, सगळं ठप्प. 2017 च्या अंदाजानुसार भारतात सुमारे 76 लाख लोकांना हा आजार होता. तो बहुधा विशी-पंचविशीच्या आसपास डोकं वर काढतो, म्हणजे आपल्याकडे स्थळं बघण्याच्या वयात. ‘लग्न झालं की सुधारेल’ या आशेवर किती लग्नं लावली जातात, हे कुठल्याही मनोविकारतज्ज्ञाला विचारा. लग्नात लपवाछपवी झाली असेल तर तो राग खरा आहे, तो दाबू नका. फक्त तो काढायचा दिवस झोप बघून निवडा.

दवाखान्यात दोघांनी, एकदा तरी

पहिलं काम निदान पक्कं करून घेण्याचं. आजारी माणूस दवाखान्यात जातो तो बहुतेक वेळा उतारात. चढाचा काळ त्याला आजार वाटतच नाही, उलट आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस वाटतात. डॉक्टरांसमोर फक्त उदासीची तक्रार मांडली गेली तर नुसती उदासी घालवणारी गोळी मिळू शकते, आणि बायपोलरमध्ये तीच गोळी एकटी दिली तर माणूस चढात जाण्याचा धोका असतो. म्हणून चढाची माहिती जोडीदाराने द्यायची. एका कागदावर तारखा लिहून न्या: कधी झोप कमी झाली, कधी नोकरी सोडली, कधी अंथरूण धरलं, घराण्यात आणखी कुणाला असं काही होतं का. डॉक्टर रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय तुम्हाला सांगणार नाहीत, पण तुमचं ऐकून घ्यायला त्यांना काही आडकाठी नाही.

खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग असतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथल्या बाह्यरुग्ण विभागात रोज साधी माणसं औषधं घेऊन घरी जातात. सिनेमात दाखवतात तसं तिथे गेलेला माणूस आतच राहत नाही.

तारखेची तक्रार आणि बारमाही तक्रार

या लेखातलं एकच काम करायचं ठरवलं, तर हे करा. जोडीदाराविषयीच्या सगळ्या तक्रारी वहीत लिहून काढा. न लाजता, न गाळता. मग प्रत्येकीसमोर तारीख टाका.

समजा एका बाईची यादी अशी आहे. नवऱ्याने न विचारता चार लाखांचं कर्ज काढलं. रात्री दोन वाजता चुलतभावाला फोन करून शिव्या दिल्या. साहेबांच्या तोंडावर राजीनामा फेकला. घरातला प्रत्येक निर्णय सासूबाई घेतात आणि हा गप्प बसतो. मुलीच्या शाळेच्या सभेला कधी आलेला नाही. माझ्या पगाराचा हिशेब मागतो, स्वतःचा देत नाही. तारखा टाकायला घेतल्या की कर्ज, फोन आणि राजीनामा हे तिन्ही मागच्या चैत्र-वैशाखातल्या एकाच तीन आठवड्यांत जाऊन बसतात. सासूबाई, शाळेची सभा आणि पगार यांच्यापुढे मात्र तारीख टाकताच येत नाही, कारण ते बाराही महिने चालू आहे. पहिल्या तीन तक्रारी औषधाने कमी होतील. उरलेल्या तीन औषधाने तसूभर हलणार नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं बोलावं लागेल, समुपदेशकाकडे जावं लागेल, किंवा त्या तशाच राहतील हे धरून निर्णय घ्यावा लागेल.

आजारी माणसानेही हीच वही करावी. त्याच्या यादीत बहुधा असतं: काहीही मत मांडलं की ‘गोळी घेतलीस का?’ असं विचारतात. बहिणीच्या लग्नात मला मुद्दाम मागे बसवलं. मुलांसमोर माझी नक्कल करतात. हे अन्याय खरे असू शकतात. बायपोलर असलेल्या माणसालाही रागवायला जागा लागते. प्रत्येक राग हे लक्षण मानलं, तर तो माणूस एक दिवस औषधांवरच राग काढतो.

एक गोष्ट दोघांनीही मान्य करावी. चढात काढलेलं कर्ज आजारामुळे झालं असेल, पण ते फेडायचं आहे शुद्धीत. ‘तेव्हा मी आजारी होतो’ हे कारण झालं, पावती नव्हे. ठीक झाल्यावर चुलतभावाला फोन करून माफी मागायची, सावकाराकडे किंवा बँकेत स्वतः जाऊन हप्ते बांधून घ्यायचे, आणि हे काम बायकोच्या गळ्यात टाकायचं नाही. मोडकळीला आलेल्या संसारात विश्वास परत आलाच, तर असल्या कामांतून येतो. भाषणांतून नाही.

बऱ्या दिवसांत लिहायचा कागद

चढाचा किंवा उताराचा झटका ओसरल्यावर घरात सगळ्यांना तो विषय नको असतो. ‘आता बरं चाललंय ना, कशाला उकरून काढता?’ पण हेच दिवस कामाचे आहेत. तब्येत दोन-तीन महिने स्थिर राहिली की एका सुट्टीच्या सकाळी बसा आणि एक पानी कागद तयार करा. दोघांचं समोरासमोर जमत नसेल तर समुपदेशकाकडे किंवा दोघांनाही चालणाऱ्या तिसऱ्या माणसासमोर.

त्यात आधी खुणा लिहा, आणि त्या याच माणसाच्या असाव्यात, पुस्तकातल्या नकोत. कुणी चढायला लागलं की गाडी जोरात हाणतं, कुणी अनोळखी लोकांना जेवायला बोलावतं, कुणाला एकदम हॉटेल काढायचं असतं, कुणी रात्री कपडे धुवायला घेतं. उतारात कुणी दाढी करणं सोडतं, कुणी आईचा फोन उचलत नाही. स्वतः आजारी माणसाला यातल्या एक-दोन खुणा आतून आधी कळतात, त्या त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.

मग ठरवा की खूण दिसली तर सांगायचं कुणी. ताणलेल्या संसारात हे काम जोडीदाराने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बायकोने ‘तू चढतो आहेस’ म्हटलं की त्याला टोमणा ऐकू येतो. थोरली बहीण, मामा, जुना मित्र, ज्याचं ऐकून घ्यायची सवय आहे असा एक माणूस निवडा आणि त्याचं नाव कागदावर घाला. काय म्हणायचं तेही ठरवून ठेवा. ‘कागद काढू या का?’ एवढं पुरतं.

पुढे कृती. ‘सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. डॉक्टर सांगतील तो बदल करायचा. क्रेडिट कार्ड आणि गाडीची किल्ली दादाकडे. दहा दिवस कुठलीही सही नाही, राजीनामा नाही, घटस्फोटाची भाषा नाही.’ शेवटची अट दोघांना लागू. खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि एक प्रत त्या तिसऱ्या माणसाकडे.

या घरगुती कागदाला कायद्याचीही जोड देता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार प्रौढ व्यक्ती शुद्धीत असताना आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते नकोत, हे आगाऊ लिहून ठेवू शकते. तातडीच्या उपचारांना मात्र ते बंधन लागू नसतं. त्याच कायद्याने आपला नामनिर्देशित प्रतिनिधी साध्या कागदावर सही करून नेमता येतो. तो जोडीदारच असला पाहिजे असं नाही, आणि नवरा-बायकोचं बिनसलेलं असेल तर भाऊ-बहिणीला नेमणं दोघांच्याही हिताचं. झटक्यात संमतीविना दाखल करायची वेळ आली तर अर्ज हा प्रतिनिधी करतो. दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे तपासतात आणि सुरुवातीची मुदत जास्तीत जास्त 30 दिवसांची असते. बायकोने सही करून ‘आत टाकलं’ ही जन्मभराची अढी त्यामुळे टळू शकते.

पैसा

चढात सर्वांत आधी पैसा जातो, आणि आता तो फोनवरून जातो. बऱ्या दिवसांत, आजारी माणसाच्या संमतीने, इतकं करून ठेवा: यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा. क्रेडिट कार्डाची मर्यादाही पगाराच्या बेतात आणा. झटपट कर्ज देणारी ॲप्स काढून टाका. मुदत ठेवींवर दोघांच्या सहीची अट घाला. घरखर्चाचं खातं वेगळं आणि जोडीदाराच्या नावावर ठेवा. आजारी माणसाच्या हातात त्याचे स्वतःचे पैसे मात्र राहिले पाहिजेत. मोठ्या माणसाला चहाला वीस रुपये मागायला लावलं तर तुम्ही पैसा वाचवाल आणि माणूस घालवाल.

व्यवहार होऊन गेलाच असेल तर त्या दिवसांची औषधांची चिठ्ठी, दाखल झाल्याचा कागद, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जपून ठेवा. एरवी शुद्धीत असणाऱ्या माणसाने मन ताळ्यावर नसताना केलेला करार आपल्या 1872 च्या करार कायद्यात टिकत नाही. पण तसं सिद्ध करावं लागतं आणि त्याला वकील लागतो, म्हणून हा शेवटचा उपाय.

गोळ्या

गोळ्या कुणी द्यायच्या यावरून घराघरांत रणं पेटतात. शक्यतो आजारी माणसाने स्वतः घ्याव्यात. आठवड्याच्या सात खणांची डबी औषधाच्या दुकानात मिळते, ती दर रविवारी भरायची आणि ओट्याजवळ ठेवायची. खण रिकामा दिसला की विचारायचं कारण उरत नाही. औषधाने वजन वाढतं, हात थरथरतात, सुस्ती येते, शरीरसंबंधांची इच्छा मंदावते. हे ऐकून घ्या आणि डॉक्टरांपर्यंत न्या. बऱ्याच जणांच्या गोळ्या याच कारणांनी गुपचूप संडासात जातात.

लिथियमविषयी वेगळं सांगायला हवं. 1949 साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावर, म्हणजे जोराच्या चढावर, त्याचा उपयोग दाखवला आणि आजही ते या आजारातलं भरवशाचं औषध आहे. पण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं. रक्तातलं प्रमाण तपासायचं ते शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी, म्हणजे रात्री गोळी घेतली तर सकाळची गोळी न घेता. नेहमीच्या उपचारात ते साधारण 0.6 ते 0.8 च्या आसपास ठेवतात, काहींना थोडं जास्त लागतं. थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी सहा महिन्यांनी. शरीरातलं पाणी-मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साठतं, त्यामुळे हरितालिकेचा निर्जळी उपास, रमजानचे रोजे, वैशाखातली लग्नं, जुलाब, या सगळ्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. अंगदुखीवर मनाने आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका, त्यानेही पातळी वाढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही वाढते. हात जोरात थरथरू लागले, चाल अडखळली, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब लागले तर पुढची गोळी थांबवून तडक दवाखाना गाठा. आणि बरं वाटतंय म्हणून औषध एकदम बंद करू नका. लिथियम अचानक सोडल्यावर काही महिन्यांतच झटका उलटण्याचा धोका मोठा असतो.

मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला. व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला घातक ठरू शकतं.

चढात आणि उतारात बोलायचं कसं

चढलेल्या माणसाशी वाद घालून तो आजवर कुणी जिंकलेला नाही. वाक्यं छोटी ठेवा, आवाज खाली, टीव्ही बंद, पाहुणे परत. ‘हॉटेलचा विचार चांगला आहे, पण सही पुढच्या महिन्यात’ असं म्हणणं खोटं नाही आणि वेळ मिळतो. गणपतीतली जागरणं, नवरात्रातला गरबा, रात्रपाळी, लांबचा प्रवास यांनी झोप मोडते आणि चढ सुरू होऊ शकतो, म्हणून सणाला जा, पण झोपेची वेळ झाली की घरी या. नातेवाईक नावं ठेवतील. ठेवू द्या.

याच काळात काही जणांचा कामवेग अनावर होतो आणि परक्या माणसाशी संबंध येतात. जोडीदारासाठी याहून जड काही नसेल. त्याला माफ करायचं की नाही हे कुणी बाहेरून सांगू नये, लेखकानेही नाही. आरोग्याच्या तपासण्या मात्र दोघांनी करून घ्याव्यात, आणि राहायचं की जायचं याचा निर्णय झटका उतरल्यानंतर घ्यावा.

उतारात ‘ऊठ, बाहेर फिरून ये, बरं वाटेल’ हे वाक्य निरुपयोगी. एक छोटं काम बरोबर करा: गॅलरीत चहा, मग अंघोळ. जगण्यात अर्थ नाही, माझ्यावाचून तुमचं बरं होईल, असं बोलणं आलं, वस्तू वाटून टाकणं किंवा निरवानिरव सुरू झाली, तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा आणि कीटकनाशक घरातून हलवा, डॉक्टर गाठा. टेली मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मुलांना खरं सांगा, त्यांच्या वयाला पेलेल इतकं. ‘बाबांच्या मनाचा आजार आहे, डॉक्टर औषध देतात, यात तुझी काही चूक नाही.’ पाच वर्षांच्या मुलालाही घरात काहीतरी बिनसलंय हे कळतं, आणि कारण नाही सांगितलं तर ते स्वतःलाच कारण ठरवतं.

मार, आणि माहेर

आपल्याकडे नवरा आजारी असेल तर बायकोला ‘सांभाळून घे’ म्हणतात, आणि बायको आजारी असेल तर तिला माहेरी पोहोचवतात. दोन्ही चालू देऊ नका. बाई आजारी असली तरी तिची औषधं, तिची फाइल आणि तिची मुलं यांच्यावर तिचा हक्क राहतो.

हात उगारला जात असेल तर कारण आजार असो वा स्वभाव, आधी मुलांना घेऊन बाहेर पडा. 112 वर पोलीस मिळतात, 181 ही महिलांची मदतवाहिनी. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला संरक्षणाचा आणि घरात राहण्याचा आदेश मागता येतो, नवरा आजारी असला तरीही. मार नसला तरी, ज्याची झोप वारंवार मोडते आणि जो सतत सावध राहतो तो जोडीदार स्वतःच आजारी पडतो. आठवड्यातून अर्धा दिवस आजारी माणसाला कुणा नातलगाच्या हवाली करून बाहेर जायची सोय कागदातच लिहून ठेवा.

आणि कधी कधी वेगळं होणंच बरं असतं. तारखांची वही चाळल्यावर बारमाही तक्रारीच जड निघाल्या, तर आजार आटोक्यात असूनही संसार टिकत नाही. त्यात गुन्हा नाही. फक्त ‘त्याला बायपोलर आहे’ एवढ्या कारणावर घटस्फोट सहज मिळेल असं समजू नका. हिंदू विवाह कायद्याचं कलम 13 आजाराचं स्वरूप आणि तीव्रता बघतं, नुसतं नाव नाही, आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजाराच्या कारणावर मागितलेला घटस्फोट नाकारलेला आहे. परस्पर संमतीने जायचं असेल तर संमती बऱ्या दिवसांतली हवी. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत मदत मिळते.

निघायच्या आधी एवढी कामं उरतात: औषधांच्या चिठ्ठ्यांची आणि रक्ताच्या अहवालांची फाइल आजारी माणसाच्या हाती द्यायची, नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून तुमचं नाव असेल तर ते बदलून घ्यायला सांगायचं, डॉक्टरांना नव्या माणसाचा फोन नंबर कळवायचा, आणि मुलांच्या भेटीचे दिवस ठरवताना झोपेच्या अटीचाही एक ओळीत उल्लेख करायचा.